व्हय म्हाराजा म्हणायच्या आधी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सावंतवाडीच्या बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालत होते. "वन्सं, हे गेले..." एवढंच ती बोलू शकली. अशा वेळी माणसाला रडू येतं. मलाही आलं, पण बाराव्याच्या गडबडीत वहिनीनं जे हळूच सांगितलं, त्यानंतर आला तो नुसता संताप, आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. हृदयाचं ऑपरेशन लवकर करून घ्या, असं डॉक्टरांनी आबाला उन्हाळ्यातच बजावलं होतं. हा "नको" म्हणून उठून आला आणि कुणाला सांगायचं नाही अशी वहिनीला शपथ घातली. आबा म्हणजे माझा थोरला भाऊ. झाडाची फांदी तोडायलाही सगळ्यांना गोळा करणारा हा माणूस, आणि हे मात्र त्यानं एकट्यानं ठरवून टाकलं.

फांदीचं मी उगाच म्हणत नाही. आमच्या खळ्यातल्या, म्हणजे घरापुढच्या अंगणातल्या, फणसाची एक जाडजूड फांदी स्वयंपाकघराच्या कौलांवर आली आहे. घराला रंग कुठला, गाय विकायची की ठेवायची, हे आबानं कधी कुणाला विचारलं नाही. पण ती फांदी तोडायचा विषय निघाला तेव्हा मला सावंतवाडीहून आणि धाकट्या भावाला मुंबईहून बोलावून घेतलं, खळ्यात गोल करून बसवलं. धाकटा "राहू दे" म्हणाला, झालं, विषय पुढच्या मे महिन्यावर. मी वैतागून ओरडले, "आबा, फांदी आहे ती! तोड आणि मोकळा हो." तर म्हणतो कसा, "रंग आवाडलो नाय तर दुसरो मारूक येता. तोडलेली फांदी परत चिकटवतलंस तू?" दर पावसाळ्यात कौलं फुटायची आणि वहिनी गळक्या जागी पातेली मांडत बसायची.

विजयदुर्गाच्या अलीकडे खाडीकाठी आमचं गाव. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे आबाकडे. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कुठलंही काम सुरू करताना एकजण सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं घालतो आणि तो जिथे थांबेल तिथे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यासाठी विचार करावा लागत नाही, लहानपणापासून ते तोंडात बसलेलं असतं. खाडीवरचा जुना धक्का दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा नारळ फोडायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसानं मोठ्या आदरानं आबाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. आबा खूश. धोतर सावरून खणखणीत आवाजात म्हणाला, "जा काम आज हाती घेतला हा, ता गावाच्या बऱ्याचा होऊंदे रे म्हाराजा!" साऱ्या गावानं आवाज दिला, "व्हय म्हाराजा!"

धक्का झाला. मग कळलं की पुढच्या टप्प्यात खाडीचं तोंड उपसून खोल करणार आहेत. तसं झालं की भरतीचं पाणी आत शिरणार आणि काठच्या वाडीच्या विहिरी खाऱ्या होणार, ही भीती घरोघर. आबा मला घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेला. तिथे तो नेहमीप्रमाणे पुस्तकी मराठीत शिरला. "साहेब, जनसुनावणी कधी आहे?" साहेब सज्जन होते, चहा मागवला. म्हणाले, "लागत नाही हो. आधीच्या दुरुस्तीचाच हा भाग आहे, शिवाय सुनावणी लागावी एवढं मोठं हे काम नाही. आणि ग्रामस्थांनी भूमिपूजनाला जाहीर संमती दिल्याची नोंद आहे आमच्याकडे."

"साहेब, ते आम्ही देवाकडे मागणं घातलं. तुम्हाला परवानगी नाही दिली."

"पण हो म्हणालात ना सगळे?"

आबाचा चहा तसाच राहिला. बाहेर येऊन एसटीची वाट बघत उभे राहिलो, तेव्हा त्याचा आवाज चढला. "काम ल्हान काय मोठा, ह्या कित्या मोजतत गो? पाणी खारा झाला तर परत गोडा करूक येतला काय, ता बघा! गोडा करूक येणा नसात तर सगळ्यांका बसवा, इचारा, मगे काय ता करा. इतक्या सोप्या आसा!" त्यानंतर किती वर्षं त्याचे हेलपाटे चालले! एकदा ऑफिसवाल्यांनी माहिती देण्यासाठी म्हणून बैठक ठेवली, तीसुद्धा नेमकी आमच्या जत्रेच्या दिवशी. रोज संध्याकाळी मला फोन करून तेच ते दळण. मी वैतागायचे, फोन बाजूला ठेवून भाजी निवडायचे. गावातल्या माणसांनाही त्यानं तितकंच पिडलं. "पुरा आयकल्याशिवाय व्हय म्हणू नको," हे त्याचं पालुपद झालं होतं.

गेल्या आठवड्यात उपसायचं यंत्र आलं. पुन्हा नारळ, पुन्हा तोच ठेकेदाराचा माणूस. मान आता चुलतभावाकडे. त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं, पहिल्या ओळीला थांबला... आणि कुणीही "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही. ठेकेदाराचा माणूस इकडेतिकडे बघू लागला. तेव्हा मागून वहिनी म्हणाली, "खंय आणि किती खणतलास ता आधी सांगा. विहिरींचा काय होतला ता सांगा. व्हय-नाय मगे." जन्मात चारचौघांत तोंड न उघडलेली माझी वहिनी! त्या माणसाला सांगता येईना. नारळ तसाच पिशवीत गेला, आणि साहेबांना घेऊन येतो म्हणून तो निघून गेला. यंत्र धक्क्याला उभं आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी काम सुरू झालं नाही.

घरी येऊन वहिनी आणि मी खळ्यात बसलो, त्याच फांदीखाली. आबा आमची बैठक घ्यायचा ती जागा. मला पुन्हा त्याचा राग आला, आणि या वेळी मी मोठ्यानं रडले. मेल्या, गेलेला माणूस परत आणता येतो काय? मग एकदा आम्हालाही इथे बसवून विचारायचं होतंस, ऑपरेशन करून घेऊ का म्हणून. सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं असतं, व्हय म्हाराजा.