स्वतःच्या अक्षरातला अर्ज

माझी अक्षरं लहानपणापासून माझं ऐकत नाहीत. डोक्यात उत्तर तयार असतं. कागदावर उतरेपर्यंत काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे आणि घंटा वाजलेली. शाळेत याला आळस म्हणत. अमरावतीला कॉलेजात आल्यावर एका मॅडमनी सांगितलं की याला अध्ययन अक्षमता म्हणतात. त्यांनीच अकोल्याला तपासणीसाठी पाठवलं आणि मी शिक्क्यासकट प्रमाणपत्र घेऊन परत आले. त्यावर परीक्षेत तासभर जास्त वेळ मिळणार होता. अर्थशास्त्रात मी दोनदा नापास झाले होते. "आता नापास झाली तं कॉलेज बंद, धामणगावले परत ये," असं बाबांनी साफ सांगितलं होतं.

परीक्षा विभागातल्या बाबूंनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. "अर्ज कुठी आहे? स्वतःच्या अक्षरात लिहून आण. दोन पानं. काय तरास आहे ते सविस्तर."

वा रे नियम! पाय मोडलेल्यानं जिना चढून यावं आणि वर येऊन काठी मागावी.

अख्खी दुपार घालवून मी दोन पानं लिहिली. बाबूंनी पहिली ओळ पाहिली आणि हसले. "हे काय गिचमिड? साहेबांच्या टेबलावर असा कागद जाते का? नीट लिहून आण."

मग रूमवरच्या मैत्रिणीनं तोच मजकूर तिच्या सुरेख अक्षरात उतरवून दिला. दुसऱ्या दिवशी बाबू खूश. "अरे वा! इतकं चांगलं अक्षर! अन् तुले म्हणे लिहिता येत नाही. कावून खोटं बोलून राहिली वं?" अर्ज नामंजूर.

मी जिन्यात बसून रडले, अगदी हुंदके देऊन. रडून झाल्यावर असा संताप आला की दोन्ही अर्ज घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत शिरले. त्यांनी माझ्या अक्षरातला अर्ज वाचायला घेतला. बराच वेळ लागला त्यांना. हसले नाहीत. त्याच गिचमिडीवर त्यांनी सही केली.

परीक्षेला सगळे उठून गेल्यावर माझा तास सुरू झाला. राखणीला कोण? आमचे बाबूच! दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे, उसासा टाकायचे, जणू मी त्यांचं जेवण अडवून बसले होते. मी लिहीत राहिले. पाचवं उत्तर संपलं तेव्हा दहा मिनिटं शिल्लक होती. आयुष्यात पहिल्यांदा मी घंटेआधी पेन खाली ठेवला. निकाल पुढे लागायचा तेव्हा लागला, पण आपण पास आहोत हे मला त्या बाकावरच कळलं. इतका आनंद झाला की बाबूंचासुद्धा राग येईना.

"झालं? मंग कशाले पाहिजे होता एवढा वेळ?" असं म्हणत त्यांनी पेपर घेतला, पानं चाळली आणि थबकले.

"काय वं पोरी, अक्षर तं लयच खराब आहे तुयं!"

"हाव सर," मी म्हटलं. "अर्जात तेच तं लिवलं होतं."