ग्रिमानेसाच्या गालावरचा वांग

ग्रिमानेसा यार्लेके गवताच्या हॅट विणायची. आमच्या काताकाओस गावात ही काही सांगण्याजोगी गोष्ट नव्हे, इथं दर दोन घरांआड कुणीतरी हॅट विणतंच. गवताची काडी ओलसर हवेतच वाकते, म्हणून बायका पहाटे नाहीतर दिवेलागणीला विणायला बसतात. भर दुपारी बसलं तर काडीही मोडते आणि बसणारीचं डोकंही फिरतं. ग्रिमानेसाच्या हॅट पियुरा शहरातल्या दुकानांतून कुठल्या कुठल्या देशांत गेल्या. ती स्वतः मात्र उघड्या डोक्यानं उन्हात हिंडायची. आमचं ऊन कुणाला माफ करत नाही, पण हे कळायला तिला वांग उठावा लागला.

लुसेरो पोटात होती तेव्हा तो उठला. डाव्या गालावर, डोळ्याखालून पार जबड्यापर्यंत, भाजलेल्या काजूच्या रंगाचा. पोटुशी बाईला वांग येतोच, बाळंत झाली की जातो, असं सगळ्या म्हणाल्या. पण तो राहिला आणि लुसेरो गेली. नुकते दात येत होते पोरीला. तापाचं निमित्त झालं आणि पोर हातची गेली.

त्यानंतर नदी गावात शिरली. घरात गुडघ्याच्या वर पाणी, पाणी ओसरलं तर तेवढाच गाळ. पोरीचा एकुलता एक फोटो, तिची झबली, कबरीवरचा नाव लिहिलेला लाकडी क्रूस, सगळं त्या गाळानं नेलं. ग्रिमानेसाचा नवरा सान्तोस दिवसचे दिवस फावड्यानं घर उपसत राहिला. लुसेरोचं म्हणावं असं काहीही हाती आलं नाही.

सान्तोस तीनचाकी चालवायचा. आधीच बोलायला कंजूष, त्यात पोर गेल्यापासून त्याला नवीनच खोड लागली. तो बायकोच्या तोंडाकडे बघेना. "जेवायला काय आहे?" हे तो तिच्या खांद्याला विचारायचा. "येतो" हेही खांद्यालाच सांगायचा. ग्रिमानेसाला वाटलं, डागाची किळस येते याला. तशी ती काही नटव्या बायकांतली नव्हती, पण नवऱ्यानं तोंड फिरवलेलं कुठल्या बाईला सोसतं? हा डाग घालवायचा, मग बघेल माझ्याकडे, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

उपाय सांगायला शेजारीण टपलेली असतेच. आसुंता नावाची ही म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "अगं, आख्ख्या देशाला लिंबं पुरवतो आपण, आणि तू डाग मिरवत फिरतेस? चोळ की लिंबू." ग्रिमानेसानं चोळलं आणि तशीच दारात उन्हात गवत निवडत बसली. करायला गेली काय आणि वरती झाले पाय. गाल भाजल्यासारखा लालबुंद झाला, फोड आले, आणि रसाचा ओघळ जिथं जिथं गेला तिथं मानेवर काळा पट्टा उमटला. लिंबं लावून उन्हात बसायचा गाढवपणा आमच्याकडे दर पिढीत एक तरी बाई करते.

सान्तोसची धाकटी बहीण दालिला पियुराच्या एका औषधाच्या दुकानात कामाला होती. रविवारी आली आणि मान बघून तिनं कपाळावर हात मारला.

"वहिनी, लिंबू माशावर पिळायचं असतं. थोबाडावर नाही."

"आसुंता म्हणाली, त्यात ते क जीवनसत्त्व असतं."

"उसात दारूही असते. म्हणून ऊस चावून कुणी झिंगलेलं बघितलंयस?"

फोड बरे होईपर्यंत दालिला थांबली आणि मग एक छोटी काचेची बाटली घेऊन आली, झाकणालाच थेंब काढायची नळी लावलेली. "हे खरं क जीवनसत्त्व, चेहऱ्यासाठी केलेलं. याला सीरम म्हणतात. सकाळी तोंड धुवायचं, टिपायचं, थोडे थेंब तळहातावर घ्यायचे आणि गालावर दाबायचे. घासायचं नाही, गाल म्हणजे पातेलं नव्हे. वरून उन्हाचं क्रीम. आणि डोक्यावर हॅट, बाईसाहेब, नाहीतर सगळं मुसळ केरात. बाटलीला ऊन दाखवू नकोस. आत्ता पाण्यासारखं आहे ना? तांबूस झालं की मेलं समज."

ग्रिमानेसानं बाटली पाण्याच्या रांजणामागच्या गारव्यात ठेवली. रोज सकाळी चूळ भरल्यावर ती तिथं वाकायची, थेंब घ्यायची. थोडं चुणचुणायचं. मग स्वतःच विणलेली हॅट डोक्यावर चढवायची, लोक हसायचे. "हॅटवालीला हॅट मिळाली एकदाची," असं आसुंता म्हणाली.

पण एक गोष्ट तिनं दालिलालाच काय, कुणालाच सांगितली नव्हती.

पूर ओसरल्यापासून, दुपारी जेवण करून ती झुल्यात आडवी झाली की अर्धवट झोपेत तिच्या डाव्या गालाला कुणीतरी हात लावायचं. रोज नाही. आठवड्यातून एखाद-दोनदा. हलकाच, जरासा उबदार हात डागावरून फिरायचा आणि जायचा. कोण आहे ते तिला ठाऊक होतं. तिला त्या हाताची भीती वाटत नसे, डोळे उघडायची वाटे. उघडले आणि कुणीच दिसलं नाही तर? म्हणून ती श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. काताकाओसमधल्या त्या तापलेल्या दुपारींवर ती इतकी वर्षं जगली, असं म्हटलं तरी चालेल.

सीरमनं काम केलं. आधी डागाची कड विरली, मग मधला भाग फिकुटला. बायका थांबवून विचारू लागल्या. सान्तोसनं मात्र मान आणखी खाली घातली, आता तर तो खांद्याशीही नीट बोलेना. आणि दुपारचा हात यायचा थांबला.

पहिल्यांदा तिला वाटलं, योगायोग असेल. ती उजव्या कुशीवर झोपू लागली, डावा गाल वर राहावा म्हणून. झोप येईना. पत्र्यावर ऊन तडतडायचं, कुत्री धापा टाकायची, आणि ती डोळे मिटून वाट बघायची. गाल कोराच राहायचा. त्या कोरेपणाची तिला धास्ती बसली. घरात कुणीतरी नसून असल्यासारखं वाटायचं ते बरं होतं, आता खरोखरच कुणी नव्हतं.

एके सकाळी आसुंता कुंपणावरून थट्टेनं म्हणाली, "काय उजळलीस गं. आता तुझं माणूस तुला ओळखायचं नाही."

लुसेरो ओळखत नाहीये मला, ग्रिमानेसाच्या मनात आलं. पोरीनं जन्मल्यापासून हाच डाग बघितला. घर वाहून गेलं, फोटो गेला, क्रूस गेला, तरी ती या एका खुणेवरून घर शोधत यायची. ती खूण मी रोज सकाळी, स्वतःच्या हातानं पुसली.

त्या दिवसापासून तिनं बाटलीला हात लावला नाही. रांजणामागं सीरम आधी पिवळं, मग तांबूस झालं. डाग काही परत आला नाही. हॅट तेवढी सवयीनं डोक्यावर राहिली.

नोव्हेंबरची पहिली तारीख आली. त्या दिवशी आमच्याकडे ज्यांची लेकरं गेली त्या आया खाऊच्या पिशव्या घेऊन चौकात जातात. आपलं मूल आज जेवढं असतं तेवढं कुणाचं तरी मूल शोधायचं, त्याच्या आईला विचारायचं आणि खाऊ त्याच्या हातात द्यायचा. ग्रिमानेसा दर वर्षी जायची. पहिल्या वर्षी कडेवरची पोर शोधली होती, मग चालणारी, मग बोबडं बोलणारी. यंदा शाळेत जाणारी शोधायची होती. सान्तोस तिला तीनचाकीतून आणायचा आणि चर्चच्या कोपऱ्यावर थांबायचा. चौकात तो कधीच आला नाही.

पोरी पुष्कळ होत्या. दोन वेण्यांच्या, पडलेल्या दातांच्या. ग्रिमानेसा एकीजवळ गेली, दुसरीजवळ गेली, आणि दोन्हीकडून तशीच मागं फिरली. पिशवी घेऊन ती कोपऱ्यावर परत आली.

"दिली नाहीस?" सान्तोसनं तिच्या खांद्याला विचारलं.

"कुणाच्या नावानं देऊ? ती येत नाही आता."

"कोण?"

मग तिनं सगळं सांगितलं. झुला, दुपार, गालावरचा हात, सीरम, सगळं. सांगताना रडली नाही, आवाज मात्र तिचा तिलाच ओळखू आला नाही. सान्तोस हँडल घट्ट धरून ऐकत होता.

"मी होतो तो," तो म्हणाला.

"काय?"

"जेवायला यायचो तेव्हा तू झोपलेली असायचीस. जागेपणी तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं मला. घरात पोरीचं दुसरं काय राहिलं होतं? झोपलीस की बघायचो. हात लावून निघून जायचो. मग तू ते पुसायला काढलंस. मला वाटलं, हिला नको झालंय. मी कोण अडवणारा?"

ग्रिमानेसाला राग आला. त्याचा आला, स्वतःचाही आला, आणि इतक्या दुपारी एका माणसाच्या इतक्या जवळ असून डोळे मिटून घेतले याची लाज वाटली.

"एकदा तोंड उघडलं असतंस तर तुझी जीभ झिजली असती?"

"तू तरी कुठं डोळे उघडलेस?"

चौकात बँड वाजायला लागला होता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कसा लावायचास हात?"

"हे एवढंच." त्यानं तेलानं काळवंडलेलं उजव्या हाताचं एक बोट पुढं केलं. "जागी होशील म्हणून एकच बोट. टेकवायचो आणि जायचो."

ती त्या जाड, चिरा पडलेल्या बोटाकडे बघत राहिली.

"मला पाच लागायची," ती म्हणाली. "बारकी बारकी."

सान्तोसनं मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची नजर तिच्या खांद्यावरून वर चढली आणि गालापाशी येऊन थांबली. तिथं फिकट, स्वच्छ कातडी होती.

ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. ग्रिमानेसानं हॅट काढली, त्याच्या मांडीवर ठेवली आणि खाऊची पिशवी उचलून उघड्या तोंडानं चौकात निघाली. सान्तोसनं गाडीचं इंजिन बंद केलं आणि तिच्या मागोमाग गेला.