गमऱ्यांचं वाचन

हेमंत गमरे सिंधी झाला, उल्हासनगरात त्यानं दुसरा संसार थाटला, ही बातमी आमच्या मोरिवलीत मीच सोडली होती. तिला बूड नव्हतं. दुसऱ्या संसाराला त्याच्याकडे ना वेळ होता, ना तब्येत. कामाला होता तो कारखाना बंद पडल्यापासून सोळा वर्षं तो एका सिंधी शेठच्या दुकानात गादीवर बसून साड्या विकत होता, एवढंच. शेठ सिंधी, बहुतेक गिऱ्हाईक सिंधी, दिवसभर तोंडात तीच भाषा.

ती हळूहळू त्याच्या मराठीत उतरली. 'ळ' गेला, 'ल' आला. 'ब' म्हणताना तर घोट गिळल्यासारखा आवाज आत ओढायचा. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. मला होता. चहाच्या टपरीवर मी त्याची नक्कल करायचो आणि पोरं हसून लोळायची.

आमच्या विहारात पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ मोठ्यानं वाचतात. हे वाचन गमऱ्यांच्या घराण्याकडे चालत आलेलं. आधी हेमंतचे वडील बुधाजी वाचायचे, ते गेल्यावर हेमंत. दुकानातून आला की तोंडावर पाणी मारायचा, पांढरा सदरा चढवायचा आणि विहारात हजर. वर्षभरात लोक त्याच्यासमोर गप्प बसत, ते त्या एका तासात.

२००४ साली पहिल्याच संध्याकाळी त्यानं 'बुद्ध' म्हटलं आणि मागच्या रांगेतली पोरं फिसकन हसली. माझी नक्कल आठवली असणार. दुसऱ्या पानाला बायकांनीही पदर तोंडाला लावले. कमिटीचे अध्यक्ष दौलतराव उठले, त्यांनी हेमंतच्या हातातून ग्रंथ घेतला आणि दहावीतल्या वैष्णवीकडे दिला. तथागतांचं नाव तरी शुद्ध यायला हवं, म्हणाले. हेमंत खाली जाऊन बसला, शेवटपर्यंत.

त्याची बायको संध्या सांगत होती, त्यानंतर महिनाभर तो पहाटे मोरीत उभा राहून, गळ्यावर बोटं ठेवून तो एकच शब्द घोकत होता. जमला नाही.

आश्विन पौर्णिमेला समारोप. बायकांना एकसारख्या पांढऱ्या साड्या हव्या होत्या, त्याही घाऊक भावात. दौलतराव मला घेऊन थेट हेमंतच्या दुकानात. हेमंत शेठशी सिंधीत दहा मिनिटं बोलला, मधेच हातही जोडले. शेठ कबूल झाला. मग आमच्याकडे बघून हसत म्हणाला, "सोला साल हो गये, पर इसकी सिंधी में से मराठी नहीं गई."

दौलतराव खूश. पौर्णिमेला शेवटचं पान तूच वाच, म्हणाले. मीही मान डोलावली, जणू मीच उपकार करत होतो.

हेमंत गठ्ठा बांधत होता. त्यानं गाठ मारून सुतळी तोडली.

"दौलतराव, तोंड एकच आहे माझं. घरची पोरं त्याच्यावर वाढली. विहारासाठी वेगलं ठेवायला परवडलं नाही."