खंडेनवमीचे चाकू

बाळांनो, काल तुमची आई फोनवर म्हणाली, "आई, ते चाकू आता कोणाला तरी देऊन टाक." म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या वडिलांनी हौसेने जमवलेले घडीचे चाकू मी लग्नात सासरी, किकवीला आणले होते. पहिल्या खंडेनवमीला घरच्या कोयत्या-विळ्यांशेजारी तेही पूजेला मांडले. सासूबाईंनी ते बाजूला सारले. "म्हायेरचं हत्यार आमच्या पूजेत न्हाई. उद्या देते भंगारवाल्याला."

मी चाकू पदरात घेतले, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि गुरांच्या माळावर गेले. गवतातल्या सपाट कातळावर एकेक पाते उघडून ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि फोटो काढू लागले. तापल्या पात्यांना खोबरेल तेलाचा वास येत होता.

सासूबाई धापा टाकत मागे आल्या. "सूनबाई, लोकं हसत्याल की!"

"हसू द्या, आत्याबाई. हे भंगारवाल्याला द्यायचेच तर आधी मलाच त्याला देऊन टाका."

"लई तोंडाळ हाईस," त्या म्हणाल्या, आणि चाकूंवर पडलेली त्यांची सावली हटावी म्हणून दोन पावले बाजूला झाल्या.

तेव्हा मला वाटले, मी जिंकले. आज वाटते, त्यांना स्वतःला या घरात माहेरचे काहीच ठेवू दिले नसावे.

फोटो पिवळे पडले आहेत. चाकू सगळे आहेत, आणि ते माझ्याकडेच राहतील.