फोनवर तपासलेले पाय

डच माणूस दहापैकी दहा कुणालाच देत नाही. जेवण उत्तम झालं तर साडेसात, फारच भारावला तर आठ. माझी मावशी मात्र सगळ्यांना दहा देते. पार्सल आणून देणाऱ्याला दहा, नळ दुरुस्त करून जाणाऱ्याला दहा, आणि तिचे पाय फोनवरून तपासणाऱ्या दवाखान्यालासुद्धा दहा. त्या शेवटच्या दहावर माझा जो राग आहे तो अजून उतरलेला नाही.

मावशी लग्न होऊन बाडहूव्हडॉर्प या डच गावात आली तेव्हा मी जन्मलेही नव्हते. काका विमानतळावर कार्गोत होते, आता ते नाहीत. मावशीला जुना डायबेटिस. तिच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, एक नर्स दर काही महिन्यांनी तिला बूट-मोजे काढायला लावायची, बोटांच्या बेचक्यांत बघायची, तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टेकवून ‘कळतंय का?’ विचारायची. नर्स पायाशी वाकली की मावशीचा हात आपोआप वर जायचा, “सुखी राहा.” पहिल्यांदा ती बिचारी गोंधळली. पुढे पुढे हसून ‘थँक यू’ म्हणायला लागली.

मग कोरोना आला आणि ही तपासणी फोनवर गेली. तेव्हा ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या गेल्या, फोन तेवढा राहिला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. नर्स फोनवर विचारायची, “पाय कसे आहेत? काही त्रास?” मावशी सांगायची, “छान आहेत.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच काही दुखत नव्हतं. डायबेटिसने पायांची जाणीवच गेली होती आणि नवा बूट करंगळीला घासत होता. मी सहज भेटायला गेले तर ती नुसते मोजे घालून पोळ्या लाटत उभी, आणि एका मोज्याला डाग. पुढचं सगळं हॉस्पिटलात झालं. करंगळी काढावी लागली.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. झुइडास या ऑफिसांच्या भागात, एका काचेच्या इमारतीत आमची टीम बसते. महामारीत आरोग्यसेवेत जे बदल घाईघाईने केले त्यातले कुठले ठेवायचे, कुठले मागे घ्यायचे, हे आम्ही तपासतो. तेव्हा आमच्याकडे काम होतं ते नेमकं हेच, डायबेटिसच्या पेशंटची फोनवरची तपासणी. मावशीचा दवाखानाही त्यात होता. ती पायाला बँडेज बांधून घरी बसलेली असताना आमच्यासाठी काम करणाऱ्या मुलीचा, या तपासणीला दहापैकी किती मार्क द्याल हे विचारायला, तिला फोन आला आणि मावशीने दहा देऊन टाकले.

“अगं मावशी, बोट गेलं तुझं!”

“त्यात त्या नर्सचा काय दोष? किती गोड बोलते. आणि डॉक्टरांना कधी कमी मार्क देतात का?”

“पण तू त्रास सांगितला नाहीस.”

“दुखलं असतं तर सांगितलं असतं. बाकी बघायचं काम त्यांचं.”

ते कामच आता कुणी करत नाही, हे तिला कसं सांगायचं?

पुढच्या मीटिंगमध्ये बॉसने स्क्रीनवर आकडे दाखवले. बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्या वयस्कर लोकांनी सगळ्यात जास्त मार्क दिले होते. “या गटाला फोन विशेष आवडलेला दिसतो,” तो खूश होऊन म्हणाला. मी सांगून बघितलं की आमच्याकडे डॉक्टरला दहा देणं म्हणजे पाहुण्याने ‘जेवण छान होतं’ म्हणण्यासारखं आहे, त्यावरून भाजीचं मीठ कळत नाही. तो म्हणाला, “हे तुझं मत आहे. डेटा नाही.” पालथ्या घड्यावर पाणी. मी तरी हट्ट सोडला नाही. शेवटी पुढच्या फेरीच्या फोनमध्ये एक प्रश्न वाढवायला तो तयार झाला: तुमचे पाय शेवटचे कुणी पाहिले? मला वाटलं, जिंकले. आता मावशीसारखी माणसं आपोआप सांगतील की कुणीच नाही, आणि नर्सला पुन्हा पायांपाशी बसवावं लागेल.

तो फोन आला तेव्हा मी मावशीकडेच होते. तिने स्पीकर लावला. प्रश्न आला. मावशी अभिमानाने म्हणाली, “माझी भाची बघते. दर रविवारी येते.”

मी कपाळावर हात मारून घेतला. बोट गेल्यापासून मी दर रविवारी बघत होते हे खरंच होतं. असं उत्तर देणारी ती एकटीच नव्हती, कुणाची मुलगी बघत होती, कुणाची सून. रिपोर्टमध्ये वाक्य आलं की पाय बघण्याचं काम घरची माणसं करू शकतात, तेव्हा फोनवरची तपासणी चालू ठेवायला हरकत नाही. माझ्याच प्रश्नाने माझा घात केला. मी निषेधाची एक ओळ लिहून दिली, ती परिशिष्टात गेली. परिशिष्ट कोण वाचतं!

परवाच्या रविवारी नेहमीसारखी मावशीच्या खुर्चीपाशी खाली बसले, मोजे काढले आणि मोबाइलचा टॉर्च लावला. अंगठ्याच्या कडेला काहीतरी लालसर दिसलं. ते नवीन आहे, का मागच्या वेळीही होतं, मला काही केल्या आठवेना. दाबून बघितलं. “दुखतंय?”

“नाही गं.”

मी नर्स नाही. काय शोधायचं तेही मला धड ठाऊक नाही. नीट दिसावं म्हणून मी आणखी खाली वाकले, तेवढ्यात डोक्यावर हात आला.

“सुखी राहा,” मावशी म्हणाली.