सोमाने बूट मागितले होते

ही गोष्ट मी कैक वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. विषय निघाला की उठून गोठ्यात जायचो. आता वय झालं. भीती तेवढीच आहे. तरी लिहितो.

मंचरच्या बाहेर, हायवेलगत बटाट्याचं कोल्ड स्टोरेज होतं. तिथं मी मशीन चालवायचो. खंडेनवमीला शेठने मशीनवर देवीची तसबीर लावली होती. पाइपाच्या एका जोडातून गॅसचा वास येत होता म्हणून मी आत वाकून बघत होतो. पायात बूट. शेठ पूजेचं ताट घेऊन दारात आले.

"देवीम्होरं बूट? घे काढून. घे डोक्यावर!"

मी घेतले. पूजा होईपर्यंत मला आवारात उभं केलं. बूट डोक्यावर, दोन्ही हात वर. बटाट्याच्या गोण्या उतरवणारे हमाल बघत होते. एक ओरडला, "अप्पा, मुंडावळ्या बी बांधा की!" सगळे हसले. शेठही हसले.

मला राग आला नाही. खोटं कशाला लिहू? मला भीती वाटली. नोकरी जाईल याची.

गारवा करणारा तो गॅस म्हणजे अमोनिया. पाइपात आहे तोवर ठीक. बाहेर आला की डोळे, छाती, कातडी, काही सोडत नाही. पुण्याहून एक साहेब येऊन आम्हाला शिकवून गेले होते. बूट आणि हातमोज्यांशिवाय मशीनरूममध्ये पाय टाकायचा नाही. मास्क दाराबाहेर, हाताशी पाहिजे. पण पूजा झाली आणि देवी तिथंच राहिली. मशीनरूमचं देऊळ झालं. मास्कच्या कपाटात कापूर, उदबत्त्या आल्या. मास्क ऑफिसात, कुलपात गेले. दाराबाहेर बुटांची रांग लागू लागली.

आणि त्या दाराचा राखणदार कोण? मीच. ज्याच्या डोक्यावर बूट ठेवले, तोच आता दुसऱ्यांचे काढायला लावायचा.

सोमा माझ्या हाताखाली होता. आंबेगावच्या वरच्या डोंगरातला, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातला. कमी बोलायचा. एकदा म्हणाला, "अप्पा, मला बूट घालू द्या. त्ये सायब म्हनलं व्हतं, काढायचं न्हाई."

मी म्हणालो, "सायब भाकर देतो का तुला? डोंगरात कोन घालतं रं बूट?"

बाकीचे हसले. सोमाने बूट काढले.

मशीनमध्ये साचलेलं तेल अधूनमधून काढावं लागतं. सगळ्यात धोक्याचं काम तेच. त्या दुपारी सोमा डबा लावून बसला होता. तेल येईना. मी मागून म्हणालो, "अजून खोल." त्याने वॉल्व्ह अजून फिरवला. आत अडकलेलं तेल सुटलं आणि मागून अमोनिया आला. पांढरं धुकं. श्वासच बंद. मी दाराकडे धावलो. बाहेर पडलो. आतून सोमा ओरडत होता, "अप्पा, पाय! पाय!"

मी दारात वाकून बूट घातले. आणि आत गेलो नाही.

मास्क कुलपात होते. हे खरं आहे. पण मी किल्ली मागायलाही पळालो नाही. माझे पाय हललेच नाहीत. सोमा स्वतःच रांगत बाहेर आला. आम्ही पाणी ओतत राहिलो. त्याच्या तळपायांकडे मला बघवेना. पुढे एका पायाची बोटं काढावी लागली.

चौकशीला सरकारी साहेब आले. त्यांनी विचारलं, "हा माणूस अनवाणी का होता?"

शेठ म्हणाले, "डोंगरातली लोकं, सायब. बुटाची सवय न्हाई यांना. सांगून ऐकत न्हाईत." मग माझ्याकडे बघून, "काय अप्पा?"

मी मान हलवली. जबाबाखाली सही केली. चूक सोमाची ठरली.

पुढच्या खंडेनवमीला शेठ म्हणाले, "अप्पा, बूट." मी म्हणालो, "न्हाई काढत. तसबीर हालवा, न्हाईतर मला हालवा." त्यांनी मला हलवलं. गावात लोक म्हणाले, अप्पा लई धाडसाचा. पण ते धाडस माझ्या पायांसाठी होतं. सोमाच्या वेळी मी गप्प होतो.

परवा दुसऱ्या एका कोल्ड स्टोरेजवरून गेलो. मशीनरूमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आतून पूजेची घंटी वाजत होती.

म्हणून आता त्या चौकशीवाल्या सरकारी ऑफिसात जाणार आहे. सांगणार, माझा जबाब खोटा होता. सोमाने बूट मागितले होते. ते काढायला मी लावले. "अजून खोल" असंही मीच म्हणालो. काय व्हायचं ते होवो. शेठची माणसं घरी येतील, मुलगा चिडेल, मला ठाऊक आहे. जाणार.

सोमाकडे एकदाच गेलो, नोकरी सुटल्यावर. ओट्यावर बसला होता. मला बघून भिंतीला धरून उठू लागला. मी म्हणालो, "बस, बस." त्याच्या बायकोने चहा दिला.

सोमा म्हणाला, "लोकं तुमच्या जबाबाबद्दल कायबी म्हनत्यात, अप्पा. पर तुमी तिथं व्हता. तुमी खरं सांगितलंच असंल. शेठनंच दाबलं असंल."

सोमा, मला माफ कर. वाटभर एवढंच घोकत आलो होतो.

मी विचारलं, "औंदा भात कसं हाय?"