बॉनेटवरची थाप

सुरेखाचा, माझ्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी जीपमध्ये होतो. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर पावसाआधी होड्या वर ओढायचं काम चाललं होतं. मागे दोराला शेजारच्या पांडूकाकांची होडी, पुढे मऊ वाळू. सुरेखा एवढंच म्हणाली, "घरी या. बाबा हाकेला ओ देत नाहीयेत..." दोर पांडूकाकांनीच सोडवला. घरी पोचलो तेव्हा बाबा पडवीतल्या बाकावर भिंतीला टेकून बसलेले होते, डोळा लागल्यासारखे. अंगात धुतलेला सदरा आणि पायांत चपला. माझे वडील घरात कधी चपला घालत नसत. ते कुठेतरी निघाले होते.

आता नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या परत पाण्यात गेल्या. त्या चपला मात्र डोळ्यांसमोरून जात नाहीत. त्यांचं काय ते सांगितल्याशिवाय बाबांविषयी दुसरं काही लिहिणं मला खोटं वाटतं.

मी कॉलेजात असताना बाबांनी एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप आणली. आणली म्हणजे बैल जुंपून ओढत आणली. पायाखालचा पत्रा इतका गंजलेला, की सीटवर बसून अंगणातल्या कोंबड्या दिसायच्या. इंजिन मी अंगावर घेतलं, अलिबागच्या एका गॅरेजात सुट्टीभर बसून थोडंफार शिकलो होतो. बाकीची गाडी बाबांची. त्यांना आयुष्यभर होड्याच दुरुस्त करायची सवय, म्हणून त्यांनी जीपही होडीसारखीच दुरुस्त केली. पत्र्याच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ भरली, उरलेला निळा रंग दिला, आणि खाऱ्या पाण्याने गंज धरू नये म्हणून खालून सगळीकडे माशाचं तेल चोपडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतली सगळी मांजरं गाडीखाली. पांडूकाका कुंपणापाशी उभे राहून पोट धरून हसत होते.

"काय रं नामा, गारी हाय का होरी?"

"होरीच हाय," बाबा गाडीखालूनच म्हणाले. "फकस्त बुरत न्हाय."

ती पहिल्यांदा सुरू झाली त्या संध्याकाळी आम्ही दोघं ओहोटीच्या ओल्या वाळूवरून पार टोकापर्यंत गेलो. बाबांनी वळताना गरज नसताना एक मोठा वळसा घेतला, मग आणखी एक... बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. त्यांचा आनंद असा वळशांत असायचा.

त्या जीपची एक गोष्ट सांगायला हवी. तिची पुढची चाकं आपोआप जोर लावत नाहीत. मऊ वाळू आली की गाडी थांबवायची, एकाने खाली उतरायचं आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेला हब, म्हणजे गोल खटका, हाताने फिरवून लॉक करायचा. मगच चारी चाकं ओढतात. बाबा चालवायचे, मी उतरायचो. डावं चाक, उजवं चाक, आणि काम झालं की बॉनेटवर दोन थापा. बाबा त्यावर हॉर्न वाजवायचे, छोटासा. झालं, ऐकलं, आता बाजूला हो, एवढं सगळं त्यात असे. बाबांची नजर अधू झाली तेव्हा जागा बदलल्या. मी स्टेअरिंगवर आणि ते खाली. थापा तशाच राहिल्या. हॉर्न मात्र मी हळूहळू विसरलो. घाई असायची, तोवर मी कारखान्यात कामाला लागलो होतो, पाळी गाठायची असायची.

मग बाबांचा गुडघा गेला. उतरायला वेळ लागायचा. चाकापाशी वाकले की उठताना बॉनेटला धरून उभे राहायचे. एकदा भरती चढत होती, लोक दोर धरून ताटकळले होते, आणि मी काचेतून ओरडलो, "बाबा, आटप ना लवकर!" त्यांनी घाईघाईने थापा मारल्या. एकच हब लॉक झाला होता. गाडी रुतली. सगळ्यांसमोर बाबा माझ्याकडे न बघता पुन्हा वाकले.

पुढच्याच आठवड्यात मी ते हब काढून टाकले आणि चाकं कायमची जोडलेली राहतील असे साधे पक्के तुकडे बसवले. कोणी उतरायलाच नको. त्यांच्या गुडघ्यासाठी केलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. मलाही ते खरं वाटत होतं. बाबांनी चाकाला हात लावून पाहिला. "पुरचा दांडा उगाच फिरंल," इतकंच म्हणाले, म्हणजे पुढच्या चाकांना जोडलेला दांडा पक्क्या रस्त्यावरही गरज नसताना फिरत राहील. त्यानंतर ते किनाऱ्यावर यायचे कमी झाले.

त्या दिवशी सकाळी मी निघताना ते पडवीत आले. "येऊ का रं बाला?"

"कशाला?" मी म्हटलं. "आता उतरायला लागत न्हाय कोणाला. तू बस."

ते बसले. मी गेल्यावर त्यांनी चपला का घातल्या, ते मला कळतं, आणि कळत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही.

दिवसकार्यं उरकल्यावर एका दुपारी पडवीतल्या फळीवर मांजर चढलं आणि एका पत्र्याच्या डब्याला नाक लावून बसलं. हाकललं तरी जाईना. डब्यात माशाच्या तेलात भिजवलेलं फडकं होतं आणि फडक्यात ते दोन हब. मी भंगारात टाकले होते. फिरवून पाहिले, तर बोटाच्या नुसत्या दाबाने फिरले. नुसते जपून ठेवलेले हब असे फिरत नाहीत, कोणालातरी ते फिरवत राहावं लागतं.

मी ते परत बसवले. नारळी पौर्णिमेला पांडूकाकांची होडी पाण्यात उतरवायची होती. मऊ वाळूपाशी मी जीप थांबवली आणि उतरलो. डावं चाक, उजवं चाक. उठताना लक्षात आलं, माझाही हात आधारासाठी बॉनेटवरच जातो. मग दोन थापा मारल्या.

पांडूकाका दोर हातात घेऊन बघत होते. "आत कोण हाय रं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी वळसा घालून आत बसलो. समोर बॉनेटवर माझ्याच तेलकट हाताचा ठसा होता... मी हॉर्न वाजवला. छोटासा.